पावणेतीन किलोवरून एका किलोवर: नाशिकच्या रानवाटांसाठी हलका कॅमेरा

प्रश्न थोडक्यात असा. गंगापूर रोडला राहणाऱ्या, अलीकडेच निवृत्त झालेल्या एका ताईंना पक्षी, फुलपाखरं आणि पावसाळ्यातली रानफुलं टिपायची आवड आहे. त्यांच्याकडे निकॉन डी७२०० आणि १५०-६०० मिमीची टॅमरॉन लेन्स आहे. फोटो छान येतात, पण खांदा भरून येतो, अंजनेरीच्या पायऱ्या चढताना बॅग नकोशी होते, आणि हल्ली तर ती घरीच राहते. दीड लाखाच्या आसपास खर्च करायची त्यांची तयारी आहे. हलकं काय घ्यावं, आणि हलकं घेतल्यावर फोटोंचं किती नुकसान होईल, असं त्या विचारतात.

ताई, दुकानदार तुम्हाला पहिल्या प्रश्नाचं उत्तर लगेच देईल. दुसऱ्याचं मात्र कुणी नीट देत नाही, म्हणून मी तिथूनच सुरुवात करतो. नुकसान होतं, ते मोजता येतं, आणि तुम्हाला वाटतंय त्यापेक्षा ते बरंच कमी आहे.

आधी सध्याचं वजन पाहू. डी७२०० बॅटरी आणि कार्डासह ७६५ ग्रॅम. टॅमरॉन सुमारे दोन किलो. म्हणजे डोळ्याला लावायचं ओझंच पावणेतीन किलो, त्यात ट्रायपॉड, पाणी, रेनकोट वेगळे. पाठीवरचं वजन माणूस सोसतो, हातातलं सोसत नाही. म्हणून कॅमेरा बॅगेत जातो, आणि कोतवाल समोरच्या तारेवरून झेप घेतो तेव्हा आपण चेन उघडत असतो. निसर्ग छायाचित्रणासाठी हलकं म्हणजे किती, यासाठी माझं माप सरळ आहे: बॉडी आणि लेन्स मिळून सव्वा किलोच्या आत. इतकं वजन गळ्यात किंवा आडव्या पट्ट्यावर घेऊन चार तास चालता येतं आणि एका हातानं झटकन उचलताही येतं.

आता हे वजन येतं कुठून? लेन्सच्या फोकल लेंग्थला (तिच्या नावातल्या मिमीच्या आकड्याला) तिच्या एफ-आकड्यानं (हा जितका लहान तितका प्रकाश जास्त) भागलं की प्रकाश आत घेणाऱ्या तोंडाचा व्यास मिळतो. स्टेडियमच्या कडेला दिसते ती ६०० मिमी एफ/४ लेन्स घ्या. ६०० भागिले ४ म्हणजे १५० मिमी. एवढ्या रुंदीची काच तीन किलोंच्या घरात जाते. तुमची टॅमरॉन ६०० ला एफ/६.३, म्हणजे तोंड ९५ मिमी, वजन दोन किलो. कॅननची आरएफ १००-४०० मिमी ४०० ला एफ/८ आहे, म्हणजे तोंड ५० मिमी, आणि वजन फक्त ६३५ ग्रॅम. वजन प्लास्टिकमध्ये किंवा मोटरमध्ये नसतं, काचेच्या रुंदीत असतं. त्यामुळे ‘हलकी, लांब आणि भरपूर प्रकाश घेणारी’ अशी लेन्स कुठलीच कंपनी देऊ शकत नाही. तिन्हींपैकी दोनच मिळतात.

हाच हिशेब बाजारातल्या इतर हलक्या जोड्यांना लावून पाहा. सोनीची ७०-३५० मिमी ३५० ला एफ/६.३ आहे: तोंड ५५ मिमी, लेन्स ६२५ ग्रॅम, ए६७०० बॉडीसह १,११८ ग्रॅम. फुजीची ७०-३०० मिमी ३०० ला एफ/५.६: तोंड ५३ मिमी, लेन्स ५८० ग्रॅम, एक्स-एस२० बॉडीसह १,०७१ ग्रॅम. ऑलिंपसची, म्हणजे आताच्या ओएम सिस्टिमची, ७५-३०० मिमी ३०० ला एफ/६.७: तोंड ४५ मिमी, लेन्स ४२३ ग्रॅम, ओएम-१ बॉडीसह १,०२२ ग्रॅम. कॅनन आर१० बॉडी ४२९ ग्रॅम, १००-४०० सह १,०६४ ग्रॅम. लेन्स न बदलता येणारा सोनी आरएक्स१० मार्क ४ हा १,०९५ ग्रॅमचा, आणि त्याचंही तोंड ५५ मिमीच. निकॉनचा पी९५० हा २,००० मिमीची जाहिरात करणारा कॅमेरा एक किलोचा आहे, त्याचंही ५५ मिमी.

पाहिलंत? सेन्सर लहान असो की मोठा, आकडा ३०० चा असो की २,००० चा, एका किलोच्या आसपास पंचेचाळीस ते पंचावन्न मिमीचंच तोंड पदरात पडतं. ‘छोटा सेन्सर घेतला की वजन वाचतं’ हे आपण ऐकतो ते अर्धंच खरं आहे. सेन्सर लहान झाला की तेवढ्याच चौकटीसाठी फोकल लेंग्थ कमी लागते, पण पक्ष्याकडून येणारा प्रकाश त्या तोंडातूनच यायचा असतो. म्हणून या सगळ्या जोड्या पहाटेच्या उजेडात जवळपास सारख्याच धडपडतात. निवड करायची ती मग फोकस, पाऊस, हाताची पकड आणि दुरुस्तीची सोय यांवर. मिलिमीटरच्या जाहिरातीवर करू नका.

आता तुमचं नुकसान किती, ते एका पक्ष्यावर मोजू. लहान खंड्या सुमारे १७ सेंटिमीटरचा. तो पंधरा मीटरवर बसलाय. ४०० मिमीची लेन्स त्याची साडेचार मिमीची प्रतिमा सेन्सरवर पाडते (४०० भागिले १५,००० गुणिले १७०). आर१० चा सेन्सर २२.३ मिमी रुंद आणि त्यावर रुंदीत ६,००० पिक्सेल, म्हणजे खंड्याच्या वाट्याला साधारण १,२०० पिक्सेल. तुमच्या सध्याच्या ६०० मिमीनं डी७२०० वर तोच खंड्या साधारण १,७०० पिक्सेलचा येतो. म्हणजे लांबीत तीस टक्के घट. ती भरून काढायची तर पंधराऐवजी साडेदहा मीटरवर जावं लागेल. आणि प्रकाश? एफ/६.३ वरून एफ/८ म्हणजे दोन-तृतीयांश स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा किंवा दुप्पट), बस्स. ज्या दुबळेपणाची तुम्हाला भीती वाटतेय, तो बहुतांशी तुमच्या आताच्या लेन्समध्येही आहेच.

याच्या बदल्यात जे मिळतं ते मोठं आहे. नव्या मिररलेस (आत आरसा नसलेल्या) बॉडीज पक्ष्याचा डोळा ओळखून त्यावर फोकस धरून ठेवतात. डी७२०० मध्ये तुम्ही फोकसचा बिंदू अंगठ्यानं सरकवत बसता, तोवर वेडा राघू माशी पकडून फांदीवर परतलेला असतो. उडत्या पक्ष्याच्या बाबतीत डोळा धरणारा फोकस दोनशे मिलिमीटर जास्तीपेक्षा अधिक उपयोगी पडतो, हे मी ठामपणे सांगतो. शिवाय बिनआवाजी शटरमुळे जवळचा पक्षी बिचकत नाही, आणि फोटो किती उजळ येणार ते व्ह्यूफाइंडरमध्ये आधीच दिसतं. पाण्यावरच्या पांढऱ्या बगळ्याची पिसं जळू न देण्यासाठी ही सोय फार मोलाची.

तेव्हा माझं उत्तर: कॅनन आर१० आणि आरएफ १००-४०० मिमी एफ/५.६-८. सणासुदीच्या ऑफरप्रमाणे भाव खालीवर होतात, पण नवी जोडी तुमच्या बजेटच्या टप्प्यात येते. लेन्समध्ये कंपन कमी करणारी यंत्रणा आहे, बॉडीत नाही. तिच्यामुळे व्ह्यूफाइंडरमधलं चित्रही स्थिर दिसतं, आणि लांब लेन्सला तेच हवं असतं. सोनीची जोडी तितकीच चांगली, काच थोडी उजवी, पण ए६७०० घेतला तर बजेट ओलांडतं. ए६४०० घेतला तर वजन आणि खर्च दोन्ही उतरतात, पण उडत्या पक्ष्यासाठी तो आर१० च्या मागे पडतो. निकॉनवर तुमचा हात बसलेला आहे हे मला कळतं. झेड५०-२ चांगली बॉडी आहे, पण तिच्यासाठी हलकी आणि परवडणारी लांब लेन्स म्हणजे ५०-२५० मिमी. तुमच्या खंड्याला २५० अपुरी पडेल.

निकॉनमध्ये राहायचंच असेल तर एक जुनी वाट मला मनापासून आवडते. २०१५ साली आलेली ३०० मिमी एफ/४ पीएफ. तिच्यात फ्रेनेल पद्धतीचं भिंग वापरल्यामुळे ती आखूड आणि फक्त ७५५ ग्रॅमची आहे, तोंड मात्र ७५ मिमीचं. तुमच्या डी७२०० वर ती थेट चालते. १.४ पटीचा १९० ग्रॅमचा टेलिकन्व्हर्टर (फोकल लेंग्थ वाढवणारं जोडभिंग) लावला की ४२० मिमी एफ/५.६. सगळं मिळून १.७ किलो. माझ्या मापात बसत नाही, पण आताच्यापेक्षा एक किलो कमी, आणि उजेड एफ/८ च्या दुप्पट. ती वापरलेलीच घ्यावी लागेल. फोकस जुन्या पद्धतीचाच राहील. फक्त बसलेले पक्षी काढत असाल तर मी हीच सुचवली असती.

कॅननचा एफ/८ कुठे चालतो आणि कुठे दगा देतो, हे आपल्याच ठिकाणांवर पाहू.

नांदूर मध्यमेश्वरला थंडीत आपण सगळेच जातो. गोदावरी-कादवेच्या संगमाजवळचा ब्रिटिश काळातला बंधारा, त्यात साचलेला गाळ, त्यावर वाढलेली पाणवनस्पती, आणि त्यामुळे आलेले पक्षी. २०२० मध्ये या जागेला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा मान मिळाला, महाराष्ट्रात सर्वांत आधी. इथे पक्षी लांब असतात. चापडगावच्या मनोऱ्यावरून शंभर मीटरवर उभा असलेला चित्रबलाक ४०० मिमीनं चौकटीच्या उंचीच्या एक-चतुर्थांश येतो. थापट्या, तलवार बदक, वारकरी तर त्याहून लहान. साहजिकच वाटतं की इथे ६०० किंवा ८०० हवीच. पण सकाळी नऊ-साडेनऊनंतर पाण्यावरून आणि बांधावरून तापलेली हवा थरथरायला लागते. त्या थरथरीतून कुठल्याही किमतीच्या लेन्सनं काढलेला लांबचा पक्षी मऊच येतो, आणि लेन्स जितकी लांब तितकी ती थरथर मोठी होऊन दिसते. लोक लेन्स दुरुस्तीला पाठवतात, आणि दोष हवेचा असतो. म्हणून इथे सूर्योदयाआधी पोहोचा, पहिले दोन तास काम करा, आणि लांबच्या थव्याचा थवा म्हणूनच फोटो घ्या. धुक्यातून उठणारी बदकांची रांग, मागे बाभळी, खाली पाण्याची चमक. १०० ते २५० मिमीत असे फोटो मिळतात, आणि ते झूमच्या त्याच टोकाला आहेत जिथे तुमची लेन्स एफ/५.६ ते ७ आहे. एकेकट्या पक्ष्यासाठी मनोरा सोडून गावाच्या बाजूचे बांध आणि कालव्याच्या कडा धरा. शेकाट्या, जांभळी पाणकोंबडी, खंड्या तिथे माणसांना सरावलेले असतात. स्थानिक मार्गदर्शक घ्या. कोणत्या बांधावर सकाळी ऊन पाठीशी राहतं, ते त्यांना पाठ असतं.

उजेडाचा हिशेबही करून टाकू. स्वच्छ उन्हात आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता; वाढवली की फोटो दाणेदार होतो) १०० ला एफ/८ वर साधारण १/४०० सेकंदाचा शटर मिळतो. उडत्या पक्ष्यासाठी १/२,००० हवा, म्हणजे आयएसओ ५००. काहीच नाही. सूर्य नुकता वर आलेला असताना उजेड दोन-तीन स्टॉपनं कमी असतो, तेव्हा आयएसओ २,००० ते ४,०००. आर१० वर हे चालतं. फोटो रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढा आणि लाइटरूम किंवा डीएक्सओ या सॉफ्टवेअरच्या डिनॉइजमधून (दाणे कमी करणाऱ्या सोयीतून) न्या, छापण्याजोगा फोटो मिळतो. खरी अडचण आहे ती दाट झाडीत आणि पावसाळी ढगांखाली. इगतपुरीकडच्या रानात, करवंदीच्या जाळीच्या सावलीत बसलेल्या पक्ष्यासाठी १/२५० वरही आयएसओ ६,४०० च्या पुढे जावं लागतं. तिथे एफ/८ हरतो, हे मान्य करूनच पैसे द्या. पक्षी स्थिर असेल तर १/१०० किंवा १/६० वर उतरा, दहा-बारा फोटोंची छोटी मालिका घ्या, त्यातले दोन-तीन धारदार निघतात. कंपन-नियंत्रण नेमकं इथे उपयोगी पडतं. पक्ष्यानं मान हलवली तर मात्र ते काही करू शकत नाही.

येवला तालुक्यातल्या ममदापूरला काळवीट बघायला जाल तेव्हा ४०० भरपूर आहे. गवताळ माळ, उजेड मोकळा, गाडीतून उतरायचं नाही. खिडकीच्या काठावर बीन बॅग ठेवा. ती घरून रिकामी न्या आणि वाटेत किलोभर मटकी किंवा वाटाणे विकत घेऊन भरा. परतल्यावर उसळ करा. ट्रायपॉड विसरून जा.

अंजनेरी आणि ब्रह्मगिरी या तुमच्या आवडत्या जागांबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण हलक्या साधनांचं खरं सोनं इथे होतं. दोन्ही डोंगर सव्वाचार हजार फुटांच्या आसपास. चढताना तुम्हाला पक्षी, फूल, फुलपाखरू, किडा काहीही कुठेही भेटतं, आणि लेन्स बदलायला ना जागा असते ना कोरडा हात. आरएफ १००-४०० चा एक गुण जाहिरातीत मागे पडतो: ती जेमतेम मीटरभरावरून फोकस करते आणि ४०० मिमीला ०.४१ पट मोठी प्रतिमा देते. म्हणजे साडेपाच सेंटिमीटर रुंदीची वस्तू पूर्ण चौकट व्यापते. तेरड्याचं फूल, पंख मिटून बसलेलं बिब्बळ्या कडवा फुलपाखरू, गवताच्या पात्यावरचा चतुर, हे सगळं वेगळ्या मॅक्रो लेन्सशिवाय होतं, तेही मीटरभर लांबून, फुलपाखरू न उडवता. तुमच्या टॅमरॉनला यासाठी दोन मीटरहून जास्त मागे सरकावं लागतं, आणि डोंगरावरच्या पायवाटेवर मागे सरकायला बहुतेक वेळा दरीच असते.

अंजनेरीच्या पठारावर ऑगस्ट-सप्टेंबरात कंदीलपुष्पं येतात. त्यांतल्या एका जातीला तर अंजनेरीचंच नाव आहे, सेरोपेजिया अंजनेरिका. इथे माझी कळकळीची विनंती आहे. फोटो जरूर काढा, पण नेमकी जागा कुणाला सांगू नका आणि फोटोतलं जीपीएस बंद ठेवा. ही झाडं कंदावर जगतात, पठारावरचा मातीचा थर बोटभर असतो, आणि एका फुलाभोवती दहा माणसं गुडघे टेकून गेली की पुढच्या वर्षीचं झाड तिथेच संपतं. लांबून फोकस करणारी लेन्स इथे फुलाच्याही हिताची. कड्यांवरच्या गिधाडांच्या बाबतीतही तेच: घरट्याच्या समोरच्या कड्यावर जाऊन बसायचं नाही. ती वाऱ्यावर तरंगत आपल्या उंचीला येतात तेव्हा ४०० मिमीत नीट बसतात.

फुलंच तुमचा जीव की प्राण असतील, आणि पक्षी दुय्यम असतील, तर माझा सल्ला बदलतो. मग ओएम-५ घ्या, ४१४ ग्रॅम, आणि सोबत ६० मिमीची मॅक्रो, १८५ ग्रॅम. दोन्ही पावसाचे शिंतोडे सहन करतात, बॉडीतच उत्तम कंपन-नियंत्रण आहे, आणि कॅमेरा स्वतःच वेगवेगळ्या फोकसचे फोटो घेऊन एकत्र जोडून देतो. त्यामुळे कंदिलाच्या देठापासून टोकापर्यंत सगळं स्पष्ट येतं. सहाशे ग्रॅममध्ये असं काम करणारी दुसरी जोडी मला माहीत नाही. पण ओएम-५ ला पक्ष्याचा डोळा ओळखता येत नाही. त्यासाठी ओएम-१ सारखी वरच्या दर्जाची बॉडी लागते, आणि ती महाग. घेण्याआधी दुकानदाराला एकच गोष्ट लेखी विचारा: बिघडला तर दुरुस्ती कुठे आणि किती दिवसांत?

पावसाचं बोललो म्हणून कॅननची कमजोरीही सांगायला हवी. आर१० आणि १००-४०० दोन्हींना पावसापासून संरक्षण नाही. त्र्यंबकच्या पावसात त्यांना तसंच बाहेर काढणं म्हणजे पैसे पाण्यात. साधं रेन कव्हर किंवा जाड पिशवीला भोक पाडून लेन्सच्या हूडवर रबरबँडनं बसवा, तेवढं पुरतं. हूड कॅनन या लेन्ससोबत देत नाही, वेगळा विकत घ्यावा लागतो. तो घ्याच. तिरकं ऊन, पावसाचे थेंब आणि करवंदीचे काटे या तिन्हींपासून तो वाचवतो. त्याऐवजी दुकानदार यूव्ही फिल्टर पुढे करेल. स्वस्त फिल्टर लांब लेन्सची धार मारतो, तो नको.

घरी आल्यावर लेन्स कापडी बॅगेत ठेवून कपाटात टाकू नका. जुलै-ऑगस्टमध्ये बुरशी महिनाभरातसुद्धा काचेवर जाळं धरते. हवाबंद डबा, आत सिलिका जेल आणि दोनेकशे रुपयांचा आर्द्रता मोजणारा डायल. काटा चाळीस ते पन्नासच्या दरम्यान राहू दे. जेलचा रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर परतून पुन्हा वापरा.

बाकी साहित्याबद्दल फार लिहित नाही. आर१० ची बॅटरी लहान आहे, दोन जास्तीच्या ठेवा. कंपनीचा गळ्यातला पट्टा काढून आडवा, रुंद पट्टा लावा. तुमचा खांदा त्यानंच निम्मा बरा होईल. दुसरी लेन्स नेऊ नका. डोंगराचा, ढगांचा फोटो तुमचा मोबाइल उत्तम काढतो, आणि धुळीत लेन्स बदलली की मिररलेसच्या उघड्या सेन्सरवर कण बसतात. वाचलेल्या वजनात ८×३२ ची दुर्बीण टाका. आधी पाहणं, मग ठरवणं, मग कॅमेरा उचलणं, असं केलं की फोटो कमी पण चांगले येतात. या लेन्सवर टेलिकन्व्हर्टर मात्र नको. १.४ पटीचा लावला की एफ/११ होतो, आणि उजेडाचं गणित तुम्ही वर पाहिलंच आहे. इलेक्ट्रॉनिक शटरवर उडत्या पक्ष्याचे पंख वाकडे येतात, म्हणून उडताना मेकॅनिकल आणि बसलेला असताना बिनआवाजी, असं दोन बटणांवर लावून घ्या.

जवळ जाण्याचं म्हणाल तर साडेदहा मीटरचं ते अंतर चालत जाऊन मिळत नाही, बसून मिळतं. सोमेश्वरच्या खाली किंवा गंगापूर धरणाच्या काठाला खंड्याची ठरलेली फांदी हेरा, ऊन पाठीशी घ्या, मातकट रंगाचे कपडे घाला आणि कोपर गुडघ्यावर टेकवून जमिनीवर बसा. खाली बसलेल्या माणसाला पक्षी लवकर विसरतात. दोन किलोची लेन्स घेऊन असं अर्धा तास बसणं कठीण, ट्रायपॉड उंच उभा करावा लागतो आणि तुम्हीही त्याच्यामागे उभ्या राहता. एक किलोची जोडी मांडीवर पडून राहते. माझ्या अनुभवात हलक्या साधनांनी काढलेले जवळचे फोटो जास्त निघतात, त्याचं कारण हेच.

खरेदीच्या आधी एक शनिवार-रविवार ही जोडी भाड्यानं घ्या. पुण्या-मुंबईहून कुरियरनं मिळते. वापरलेली लेन्स घेत असाल, फोर्टमधल्या बोरा बाजारातून किंवा ओळखीच्याकडून, तर दोन्ही झाकणं काढून मागून मोबाइलचा टॉर्च मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखं किंवा धुरकट काही दिसलं तर कितीही स्वस्त असली तरी नको. धुळीचे चार कण असले तर फरक पडत नाही. झूम फिरवताना अडखळते का आणि कंपन-नियंत्रण सुरू केल्यावर चित्र उड्या मारतं का, हेही पाहा.

टॅमरॉन विकायची घाई करू नका. भाड्याच्या त्या दोन दिवसांत एका पहाटे दोन्ही जोड्या नांदूरला न्या, एकाच बांधावरून, एकाच पक्ष्याचे फोटो घ्या. घरी येऊन दोन्ही फोटो छापायच्या आकाराला, म्हणजे १२ बाय १८ इंचाला, लहान करून शेजारी शेजारी ठेवा. स्क्रीनवर शंभर टक्के मोठे करून तुलना केली तर टॅमरॉन जिंकेल, पण तसा फोटो कुणी भिंतीवर लावत नाही. छापील आकारातही ६०० ची उणीव जाणवली तर ती गाडीतल्या फेऱ्यांसाठी ठेवा आणि डोंगरावर नवी न्या. जाणवली नाही तर मे महिन्यातच विकून टाका, पावसाळा लागण्याआधी, काच स्वच्छ असताना.